टाक्याखालची तारीख

मित्रांनो, मी एक जुना दाभण आहे. वकिलांचे कारकून लवू परब यांनी मला अंधेरीच्या एका दुकानातून आणलं. तेव्हापासून दिंडोशीच्या कोर्टात अपिलांचे जाडजूड कागद दोऱ्याने शिवणं हे माझं काम. मधे स्टेपलर आला आणि मी खणात पडलो. पण पन्नास पानांपुढे त्याने दात विचकले, तेव्हा लवूभाऊंना माझी आठवण झाली. त्या कौतुकाने मी जरा फुगलोच.

गेल्या वर्षी कमलताई सोनवणे आल्या. मारामारीच्या खटल्यात त्यांच्या मुलाला, रतनला, वर्षाची शिक्षा झाली होती. अपिलासाठी मिळालेला जामीन त्याच संध्याकाळी संपत होता. त्याआधी अपील दाखल होऊन शिक्षेला स्थगिती मिळाली नाही, तर रतन तुरुंगात. लवूभाऊंनी घाईघाईने अपील, वकीलपत्र आणि निकालाची नक्कल जुळवली. मी दणादण टाके घातले.

अपिलं दाखल करून घेणाऱ्या खिडकीवरच्या अनुपमा मॅडमनी दिवस मोजले. "लवूभाऊ, मुदत तीस दिवसांची. आज चौतिसावा. उशीरमाफीचा अर्ज कुठेय?"

"अहो मॅडम, नक्कल मिळायलाच सहा दिवस गेले. ते वजा होतात ना!"

"होतात. पण नकलेवर तारखा कुठेत? दाखवा ना."

कमलताई पांढऱ्याफटक पडल्या. "भाऊ, माझ्या रतनला आजच नेतील का हो?"

लवूभाऊंनी शेवटचं पान चाचपलं आणि कपाळावर हात मारला. अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची, दोन्ही तारखा पानाच्या अगदी काठाला होत्या. तो काठच मी दुमडून शिवला होता.

"मेल्या, खंय टोचलंस रे!" ते माझ्यावर खेकसले.

मग माझ्याच टोकाने त्यांनी एकेक टाका उसवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी तारखा वाचल्या, पुन्हा मोजणी केली आणि अपिलाला नंबर दिला. दुपारी न्यायाधीशांनी शिक्षेला स्थगिती दिली, जामीनही वाढवला.

मॅडमना कागद सरळ परत करता आले असते. त्यांनी आधी विचारलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. लवूभाऊंचाही, कारण त्यांनी मला फेकून दिलं नाही. कमलताईंनी तर जाताना टेबलाकडे बघून हात जोडले. तो नमस्कार लवूभाऊंना होता, पण थोडा मीही घेतला.

अपिलाचा निकाल अजून लागायचा आहे. मित्रांनो, कागद शिवण्याआधी काठापर्यंत वाचत जा. त्या संध्याकाळी रतन आईबरोबर घरी जेवला, तो त्या काठावरच्या दोन तारखांमुळे.