चामखिळीतले डोळे

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर डोळे उमटले आणि बायाबापड्यांनी पटापट हात जोडले. जांभळ्या बुबुळांचे, पांढऱ्या कड्यांचे शेकडो डोळे टक लावून बघत होते. नजर उतरवणाऱ्या महाराजांनी एका पोरीच्या बोटावरची चामखीळ सगळ्यांदेखत खरवडली होती आणि काचेवर ठेवून पडद्याला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली होती. आता आणखी काय पुरावा हवा?

"ही नजर आहे, नजर," महाराज मधाळ आवाजात म्हणाले. "औषधानं नजर जात असती तर डॉक्टरांच्या घरी कुणी आजारी पडलं असतं का? घरात मूलबाळ नसलेली कुणी आहे?"

पोरीच्या आईनं मान वळवून नणंदेकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून ही आत्या भावाच्या घरी राहत होती, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात राबत होती. पोरीला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं होतं.

त्या दिवसापासून आत्यानं पोरीला शिवायचं नाही, तिच्या ताटाला हात लावायचा नाही. भाऊ खाली मान घालून म्हणाला, "ताई, दुसरीकडे खोली बघ." आत्याला रडूही फुटेना. सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. पोरीला कुशीत घेताना कधी आपला जीव जळला होता की काय?

शेवटी ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. "बाई, माझी नजर काढून टाकता येईल का हो?"

बाईंनी आधी तिला पाणी दिलं, सगळी हकिकत ऐकून घेतली. "चामखीळ विषाणूमुळे होते," त्या म्हणाल्या. "तो कातडीत शिरला की काही पेशींचं केंद्रक सुरकुततं, गडद होतं आणि त्याच्याभोवती मोकळं कडं पडतं. दिसायला अगदी डोळा. पण खरवडल्यावर किती वेळानं दाखवलं त्यानं?"

"लगेच."

"मग ती काच दुसरीच. तुकडा मेणात बसवायचा, पातळ कापायचा, रंगवायचा, यात आमचा दिवस जातो. रंग दिल्याशिवाय जांभळं काय दिसणार, कपाळ?"

आत्या बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिली.

पुढच्या बैठकीला ती सगळ्यांत पुढे बसली, तर बाई मागच्या रांगेत. "महाराज, मलाही झालीय," तिनं अंगठा पुढे केला.

"बघा, करणीवालीवरच उलटलं," महाराज खूश झाले. त्यांनी खरवडलं, काच सरकवली. पडद्यावर पुन्हा शेकडो डोळे.

"हा कारखान्यातला गोंद आहे, महाराज," आत्या म्हणाली. "सकाळपासून थरावर थर देऊन वाळवलाय." उरलेला तुकडा तिनं सोलला आणि शेजारणीच्या तळहातावर ठेवला.

महाराजांचा हात बाहीकडे गेला, तो गर्दीतून पुढे आलेल्या भावानंच धरला. बाहीतून दोन काचा निघाल्या. एकीवर मघाचा खरवडलेला गोंद तसाच होता. दुसरी निरोगी कातडीची, 'नजर उतरली' म्हणून शेवटी दाखवायची.

बाई पुढे आल्या. "यानं सगळ्यांना एकाच पात्यानं खरवडलंय. म्हणजे नजर उतरवत नव्हता, विषाणू वाटत होता. चामखिळी पुष्कळदा आपोआप जातात, त्याचं श्रेय हा खातो. पडद्यावर काय दिसतं एवढंच बघू नका, काचेवर काय ठेवलं तेही विचारा. आणि बोट दाखवून कुणी घरातलं माणूस तोडायला सांगितलं, तर आधी त्या बोटाचीच तपासणी करा."

लोक महाराजांना घेरून जाब विचारू लागले. भाऊ आत्याजवळ आला. "ताई, चुकलो. चल घरी."

आत्या जागची हलली नाही. इतके दिवस अडलेलं रडू आता तिला आवरेना.

"आज गोंदानं माझी बाजू घेतली रे," ती म्हणाली. "तू का नाही घेतलीस?"