चौथा अल्बम

फिटरची थोरली बहीण दुकानात आली तेव्हा दुकानदार जुन्या सीड्यांवरची धूळ झटकत होता. त्याने स्टूल पुढे केलं, पण ती बसली नाही.

"काका, तो आता बोलत नाही. डोळेही उघडत नाही. पण डॉक्टर म्हणाले, अजून ऐकू येत असेल. म्हटलं, त्याचं ते 'दातदुखी' लावावं."

"त्याच्या सीड्या?"

"गॅरेजात ग्रीसच्या हातांनी वाट लावून ठेवलीय. एक धड वाजेल तर शपथ."

'दातदुखी' हे एका विक्षिप्त पॉप बँडचं नाव. शिट्टीची किटली, शिलाई मशीन, खेळण्यातला पियानो असल्या लवाजम्यावर त्यांनी पाच अल्बम काढले आणि गाशा गुंडाळला. साऱ्या शहरात त्यांचे चाहते दोनच असावेत, दुकानदार आणि फिटर. भेटले की दोघांची जुंपायची. दुकानदार म्हणे, दुसरा अल्बम सर्वांत चांगला, हरवलेल्या मोज्याचं गाणं त्यातच आहे. फिटर म्हणे, "मास्तर, दुसरा पोरं निजवायला ठीक. ऐकायचा तो चौथा." चौथ्यात गायक जवळजवळ गातच नाही. किटली उकळते, निवते, आणि दुसऱ्या खोलीतून कुणीतरी हाका मारत राहतं. दुकानदाराला तो सोसत नसे.

मरणाच्या दारातल्या माणसाला ती किटली कशाला?

"दुसऱ्यापासून सुरुवात करा," दोन सीड्या तिच्या हातात देत तो म्हणाला. "सोपा आहे, हसरा आहे. मग पहिला लावा. चौथ्याच्या वाटेला जाऊ नका."

"मला काय कळतंय त्यातलं? मी तर मांजरांचं भांडण म्हणायचे त्याला. तुम्ही सांगाल ते."

दुसऱ्या दिवशी ती परत आली.

"मोज्याचं गाणं लागलं आणि कपाळाला आठी पडली त्याच्या. काही दुखावं तशी. बंद केलं, तेव्हा गेली."

नवख्याला सांगायचं ते दुकानदाराने फिटरला सांगितलं होतं. इतक्या वर्षांचा वाद, समोरच्याची वाचा गेल्यावर, परस्पर जिंकून घेतला होता. चौथा अल्बम खिशात घालून त्याने शटर ओढलं आणि तो तिच्यासोबत निघाला.

वॉर्डात त्यानेच हेडफोन फिटरच्या कानांवर बसवला. किटली उकळू लागली. आठी पडली नाही. नखात अजून काळं असलेलं एक बोट चादरीवर हललं, असं बहीण म्हणाली. दुकानदाराला खात्री देता येईना. त्याला एवढंच दिसत होतं, की एका श्वासानंतर दुसरा यायला फार वेळ लागतोय.

मग तो आलाच नाही.

नर्सने नाडी पाहिली, पापणी उचलून पाहिली आणि हेडफोन काढायला हात पुढे केला.

"अजून एक गाणं आहे," दुकानदार पुटपुटला.

नर्सने बहिणीकडे पाहिलं.

"राहू द्या," बहीण म्हणाली.

तिघं उभी राहिली. हेडफोनमधून, दुसऱ्या खोलीतून आल्यासारख्या, बारीक हाका येत होत्या.