मोठ्या आईच्या हातचं दूध

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिने शीच्या नमुन्याचे थेंब पट्टीवर टाकले आणि पट्टीकडेच बघत बसली. एरवी तेवढ्या वेळात ती पुढच्या नळ्या लावून घेई. पण आज नमुना घरचा होता. धाकट्या जावेचा मुलगा, तिचा लाडका भोपळ्या, पलीकडच्या वॉर्डात सलाईन लावून पडला होता.

परवा संध्याकाळी त्याला दूध तिनेच पाजलं होतं. रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले आणि सगळं खापर तिच्यावर फुटलं. यापुढे जाऊबाईंच्या हातचं काही द्यायचं नाही, असं जावेने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नवऱ्यानेही तिची बाजू घेतली नाही. स्वतःचं मूल नाही, 'मोठी आई' म्हणणारं हे एकच पोर, आणि तेही तिच्या मांडीवर येऊ देईनात.

पहिली रेघ उमटली. ती नेहमीच उमटते, पट्टी ठीक आहे एवढंच सांगते. मग हळूच दुसरी. रोटा विषाणू. तिला रडूच आलं. पोर आजारी आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, याची लाजही वाटली.

ती तशीच वॉर्डात गेली. जाऊ खाटेशी बसली होती.

"दुधाचं काही नाही गं. विषाणू आहे. अंगात शिरल्यावर दोनेक दिवसांनी त्रास सुरू होतो. परवाच्या दुधाचा संबंधच नाही."

जावेने बाळाचं पांघरूण सारखं केलं.

"मग आला कुठून?"

"आजारी मुलांकडून. त्यांच्या शीचा हात कुठे लागला, तो हात बाळाच्या तोंडाशी गेला, की झालं."

बोलून झालं आणि तिच्याच ध्यानात आलं. जाऊ तिच्या हातांकडे बघत होती.

"आपल्या घरात आजारी मुलांच्या शीत रोज हात कुणाचे असतात, जाऊबाई?"

"मी हातमोजे घालते गं."

"घालत असाल."

तेवढ्यात भोपळ्याने डोळे उघडले. गालांची पार रया गेली होती. त्याने सलाईन नसलेला हात पुढे केला.

"मोठी आई, घे."

तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"हात धुऊन येते हं, राजा."

बेसिन खाटेशेजारीच होतं. ती दार लोटून बाहेर गेली.