सरांचा दारुड्या

सरांचा दारुड्या चांगलाच नावाजलेला होता. व्यसनमुक्तीचे समुपदेशक घडवणाऱ्या त्या संस्थेतून गेल्या काही वर्षांत जेवढ्या बॅच बाहेर पडल्या, तेवढ्या सगळ्यांनी त्याच्यासमोर बसून घाम पुसला होता. स्वतः सर दारूच्या थेंबालाही कधी शिवले नव्हते; पार्टीत सोड्याचा ग्लाससुद्धा दोन बोटांत लांब धरायचे. पण परीक्षेच्या दिवशी चष्मा काढून, शर्टाचं एक बटण उघडं टाकून ते खोट्या पेशंटच्या खुर्चीत बसले, की नवख्यांना खोलीत वास आल्याचा भास व्हायचा.

दारुड्याच्या भूमिकेचं कार्ड अकरा वर्षांपूर्वी सरांनीच लिहिलं होतं. वय चाळीस, ट्रक चालवतो, बायको माहेरी, थोरल्या भावाने दार बंद केलंय. बस्स, एवढंच. बाकीचं सर तिथल्या तिथे रचायचे. कधी रडायचे, कधी अंगावर धावून जायचे, कधी समोरच्याला 'तुम्ही किती समजूतदार आहात हो' म्हणत असं हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे, की तो बिचारा काय विचारायला आलो होतो तेच विसरून जायचा. हे सगळं त्यांच्या हातचा मळ होतं. कोणी विचारलंच, की हे तुम्हाला सुचतं कुठून, तर सर कपाळावर बोट ठेवून म्हणायचे, "इथून. शंभर टक्के काल्पनिक."

आणि एक नियम होता, तोही सरांचाच. रोल-प्ले संपला की पेशंट झालेल्या माणसाला भूमिकेतून उतरवायचं. म्हणजे त्याला दुसऱ्या खुर्चीत बसवायचं आणि तीन प्रश्न विचारायचे: तुम्ही कोण? काम काय करता? आता इथून कुठे जाणार? ऐकायला पोरखेळ वाटतो. पण पूर्वी एका बॅचमधला एक सज्जन गृहस्थ कोणी न उतरवताच घरी गेला आणि दारुड्याच्याच आवाजात बायकोशी भांडून बसला. तेव्हापासून परीक्षेच्या कागदावर नववा रकाना आला: भूमिका उतरवली का? तिथे 'नाही' पडलं, की बाकी सगळं सोन्यासारखं असलं तरी माणूस नापास.

त्या दिवशी शेवटचा नंबर सिस्टरचा होता. सोळा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढून ती या कामात आली होती, म्हणून सगळी बॅच तिला सिस्टरच म्हणायची. एका व्यसनमुक्ती केंद्रात तिची जागा ठरली होती, पास व्हायचाच काय तो अवकाश. नापास झाली तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार आणि पुढची परीक्षा थेट वर्षाने. खोलीच्या कोपऱ्यात दुसऱ्या परीक्षक म्हणून डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्या पंधरा वर्षं सरांबरोबर शिकवत होत्या आणि पंधरा वर्षं त्यांची फिरकी घेत होत्या.

सिस्टर फार बोलली नाही. सरांनी बायकोचं रडगाणं गाऊन घेतलं, मालकाला चार शिव्या हासडल्या, मग आवाज बारीक करून म्हणाले, "दादाने दार लावून घेतलं हो. सख्ख्या भावाने. तासभर ठोकत होतो मी."

इथे सगळे एकच विचारतात, 'तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' त्याची सात-आठ उत्तरं सरांच्या खिशात तयार असायची.

सिस्टर म्हणाली, "आणि दादा?"

"दादाचं काय?"

"तुम्ही ठोकत होतात तेव्हा दादा काय करत होता?"

"बसला होता," सर म्हणाले. "दाराला पाठ लावून, खाली फरशीवर. प्रत्येक ठोक्याला दार पाठीत बसत होतं. पण उठला नाही."

सरांनी पुढचं वाक्य शोधलं, सापडेना. सिस्टर नुसती बसून राहिली, वॉर्डात तिने हजारदा काढली असतील तशी ती दोन-तीन मिनिटं. घंटा वाजली. ती उठली, पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला, "सावकाश प्या, सर," म्हणाली आणि दार हळूच ओढून निघून गेली. ना खुर्ची बदलली, ना तीन प्रश्न.

"उठा आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "की मुक्काम आहे?"

"तिने मला उतरवलंच नाही."

"मग मारा फुली. नियम कोणाचा?"

सरांनी पेन उघडलं. नवव्या रकान्यापर्यंत नेलं. आजवर अशा फुल्या त्यांनी डोळे मिटून मारल्या होत्या, वर दोन शब्द सुनावलेही होते. आज हात पुढे सरकेना. राग यावा म्हणून थोडा वेळ वाट पाहिली, तर रागही येईना. "जरा चहा घेऊन येतो," म्हणून ते बाहेर पडले.

चहाच्या यंत्रावर त्यांनी कॉफीचं बटण दाबलं. तो कप तिथेच ठेवून जिना चढून वर गेले, आणि वर कशाला आलो हे आठवेना म्हणून पुन्हा खाली आले. रिकाम्या वर्गात फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'कुटुंबाने सीमा आखणे.' ते त्यांनी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. सर पुरते चक्रावले होते. फरशी कुठून आली? कार्डात फरशी नव्हती. रचलं असेल, ते स्वतःला म्हणाले, एवढं काय त्यात. पण रचलेल्या गोष्टीने कधी पाठ दुखत नाही, आणि त्यांची पाठ दुखत होती.

पाच वाजता कागद कार्यालयात द्यायचे होते. साडेचारला त्यांनी सिस्टरला बोलावून घेतलं.

"सिस्टर, तुम्ही शेवटचे तीन प्रश्न विसरलात."

"विसरले नाही, सर."

"मग?"

"विचारावेसे वाटले नाहीत."

"अहो, नापास व्हाल तुम्ही! जागा जाईल हातची."

"माहितेय." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ती घाबरली होती, ते दिसतच होतं. "पण सर, मी उतरवू कोणाला? तुम्ही म्हणालात, दादा दाराला पाठ लावून फरशीवर बसला होता. मार खाल्ल्यासारखा पाठीत ठोके घेत होता. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला हे कसं दिसलं?"

सरांचा हात नकळत पाठीकडे गेला.

"तो दारुड्या नव्हताच बोलत," सिस्टर म्हणाली. "दादा बोलत होता. मला वाटलं, माणूस खरं बोलत असताना त्याला मध्येच 'तुम्ही कोण' विचारू नये."

सरांना एक धाकटा भाऊ होता. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, आणि कार्डावरचा माणूस ट्रक चालवायचा. तेव्हा दोघांचा काही संबंध नाही, असं सरांनी अकरा वर्षं अगदी मनापासून मानलं होतं. कार्ड लिहिण्याच्या थोडं आधी, एका संध्याकाळी धाकटा पिऊन दारात आला आणि सरांनी कडी लावली. तेव्हा ते लोकांच्या घरच्यांना हेच शिकवत होते: पिऊन आलेल्याला दार उघडू नका, त्यातच त्याचं भलं आहे. सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. मग धाकटा परत आला नाही. चार वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचा फोन आला होता, "दादा, यांनी सोडली हो." त्यावर सर म्हणाले होते, "अभिनंदन." एखाद्या बॅचला म्हणावं तसं. पत्ता लिहून घेतला होता. गेले नव्हते.

"सिस्टर," सर म्हणाले, "ती कडी मी नियमाने लावली की रागाने, ते मला माहीत नाही. बावीस वर्षं लोकांना शिकवतोय, आणि हे मला माहीत नाही."

सिस्टरने 'असं वाटून घेऊ नका' म्हटलं नाही. शिकवलेलं तिच्या चांगलं लक्षात होतं. थोड्या वेळाने तिने कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढली. "इथे बसा," म्हणाली. "आता विचारते. तुम्ही कोण?"

सरांनी नाव सांगितलं.

"काम काय करता?"

"शिकवतो."

"आता इथून कुठे जाणार?"

या प्रश्नाला प्रत्येक जण 'घरी' म्हणतो. सरही शेकडो वेळा म्हणाले होते. आज त्यांनी तोंड उघडलं आणि त त प प झालं. सिस्टरने उत्तरासाठी घाई केली नाही आणि शेवटी उत्तर न घेताच ती उठली.

पाचला दहा कमी असताना सरांनी कागद डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. "हिचे गुण मी देऊ शकत नाही. मी तिथे परीक्षक नव्हतो, पेशंट होतो. तुम्ही द्या."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. तोंडाशी आलेली कोपरखळी त्यांनी चक्क गिळली. "तीन प्रश्न विचारले का तिने?"

"विचारले. पण आत्ता, पावणेपाचला."

"मग झालं की. कागदावर वेळ लिहायला जागा आहे का कुठे?" त्यांनी 'हो' वर खूण केली, खाली सही ठोकली. "आणि ते बटण लावा आता. दिवसभर तसेच फिरताय."

सर बटण लावून बाहेर पडले. घराच्या बससाठी उभे राहिले, बस आली, आणि ते चढले नाहीत. पाकिटात चार वर्षं जपलेला पत्ता वीस मिनिटांच्या वाटेवरचा होता. वाटेत त्यांनी चार वाक्यं जुळवली, पैकी दोन माफीची होती आणि दोन स्वतःची बाजू मांडणारी. तिथे पोचेपर्यंत कुठली कोणती ते त्यांना आठवेना. खालचं दुकान बंद होतं. वर जिन्याच्या टोकाला एक दार होतं आणि आत शिवणयंत्र खडखडत होतं. सरांनी बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकलं. इतक्या हळू, की ठोकलं की नुसता हात लावला, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

यंत्र थांबलं. "कोण आहे?"

सरांच्या तोंडून नाव येईना.

"दादा," ते म्हणाले.

यंत्र पुन्हा सुरू झालं नाही. दाराच्या आतल्या बाजूला काय होतं ते सरांना पाठ होतं. बाहेर उभं राहून काय करायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत तेही कळेना. पुन्हा ठोकावं की निघून जावं? तासभर ठोकत होता तो. तासभर.

"उघडंच आहे, दादा," आतून आवाज आला. "ढकल."

सरांनी दाराला हात लावला. ते खरंच नुसतं लोटलेलं होतं.