सगळ्या डाव्या बाह्या

गणवेशाच्या बाह्या टेबलावर एकावर एक ठेवत शिवणकारखान्याचे मालक म्हणाले, "मास्तरीणबाई, या सगळ्या डाव्या हाताच्या आहेत."

तिला आधी थट्टाच वाटली. मग तिनं स्वतः उलटून पालटून पाहिल्या. कापडाचे सगळे थर सुलटेच अंथरायचे आणि बाहीचा कागदी नमुना उलटवायला विसरायचं, की दुसरं काय होणार? शिकाऊ मुलीही ही चूक करत नाहीत, आणि ही तर कारखान्यातली कापड बेतणारी मास्तरीण. मालक रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, थोडे दिवस बटणांच्या टेबलावर बसा. तिची कात्री त्यांनी आपल्या खणात ठेवली.

खरं दुखणं झोपेचं होतं. पाळी जायला लागल्यापासून अंगाची लाहीलाही व्हायची, दरदरून घाम सुटायचा, आणि डोळा लागतो न लागतो तोच जाग यायची. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं, तपासण्या केल्या, आणि कमरेखाली चिकटवायची हार्मोनची पट्टी अन् झोपताना घ्यायची गोळी लिहून दिली. धोका थोडा आहे, त्या म्हणाल्या, पण तुमच्या बाबतीत फायदा जास्त दिसतो. थोडा म्हणजे किती, हे काही तिच्या डोक्यात शिरेना.

मोठ्या बहिणीनं कपाळाला हात लावला. "कॅन्सर होतो त्यानं. आमची नाही का गेली पाळी? आम्ही काय पट्ट्या लावत बसलो?"

नवरा म्हणाला, "जन्मभर कापडाला ठिगळं लावलीस. एक स्वतःला लावून बघ."

ती हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. ऐकावं तरी कुणाचं? औषधांचं पाकीट कपाटात तसंच पडून राहिलं. मग एके दिवशी बटणं लावताना तिला आपली कात्री दुसरीच्या हातात दिसली. त्या संध्याकाळी तिनं पट्टी लावली.

काही आठवड्यांनी झोप लागू लागली. ही झोप आपली की पट्टीची, तिला कळेना. बहिणीचं बोलणंही मनातून जाईना. मालकांनी कात्री परत पुढे केली तेव्हा तिला आनंद झाला, आणि भीतीही वाटली.

तिनं कापड अंथरलं. नमुना ठेवला, आखला, उलटवला, पुन्हा आखला. मग आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. खडू घेऊन एका बाहीवर 'डावी' लिहिलं, दुसरीवर 'उजवी'. शिकाऊ मुली बघत होत्या. तिनं त्यांना बघू दिलं आणि कात्री चालवली.