काडीचे जिवाणू

आईचा स्वच्छतेवर भारी जीव. दूध उकळायचं, पाणी उकळायचं, ओट्याची फडकीसुद्धा उकळायची. शेजारीण म्हणायची, ही बाई एक दिवस पाहुण्यांनाही उकळूनच घरात घेईल. तेव्हा त्या दिवशी जे झालं त्यात नवल ते काय? पण तिच्या थोरल्या लेकीच्या, ताईच्या पायाखालची जमीन सरकली ती सरकलीच.

गेले आठ दिवस ताई अर्धी जागी, अर्धी स्वप्नात वावरत होती. घरामागच्या वाफ्यात तिनं पालापाचोळ्याचं कुजलेलं खत घातलं होतं, वर गांडूळखत. कोपरापर्यंत हात आत घातला की ऊब लागायची. वाटायचं, खाली कुणीतरी गाढ झोपलंय आणि हळूहळू श्वास घेतंय. मग हात काढवतच नसे. ऊन भिंतीवरून उतरून जाई आणि ही आपली तिथंच. ज्येष्ठमधाचं बी कोमट पाण्यात टम्म फुगलं होतं. आता फक्त काडीचे जिवाणू त्याला चोळायचे राहिले होते.

काडी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. अंगानं काडी आणि लहानपणापासून तोंडातही ज्येष्ठमधाची काडी, त्यामुळे नाव पडलं ते पडलंच. मोठेपणी तो जिवाणू खतांच्या प्रयोगशाळेत लागला. रानातल्या ज्येष्ठमधाच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांतून त्यानं एक जिवाणू शोधला. हवेतलं नत्र ओढून झाडाला भरवणारा, गोणीतल्या खताची गरजच न ठेवणारा. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "ताई, हीच माझी पोरं."

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत काडी गेला. पुढे प्रयोगशाळाच बंद पडली. त्याच्या प्रयोगाच्या शेतावर इमारत उभी राहिली. त्याच्या मित्राकडे या जिवाणूंची एकच बाटली उरली होती, ती त्यानं ताईच्या हातात ठेवली. "जप हं. एवढीच आहे." मुळांवर हे जिवाणू वसले, तरच काडीचं काहीतरी या जगात जिवंत राहणार होतं. नाहीतर संपलं.

आणि ती बाटली आता गॅसवर, पातेल्यात उभी राहून रटरटत होती.

"आई, काय केलंस हे?"

"अगं, आतलं गढूळ होतं, आंबूस वास येत होता. काडीचं औषध ना ते? म्हटलं, बाधायला नको कुणाला."

"औषध नाही आई. जिवंत होते ते. आता मेले."

आईनं गॅस बंद केला. ताईला इतका संताप आला की पातेलं भिरकावून द्यावं. वर्षभराची आस, आणि सगळं मुसळ केरात. पण आई ओट्याला धरून उभी होती. ताई मागच्या दारानं बाहेर गेली.

ती वाफ्यापाशी बसून राहिली. पानांच्या सावल्या मातीवरून सरकत होत्या. काडी कुठूनतरी येऊन शेजारी उकिडवा बसेल, असं तिला उगाच वाटत राहिलं. आली ती आई. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

आत काडीचे बूट होते. तळाच्या खाचांत वाळलेली माती गच्च बसलेली.

"शेवटचा त्या शेतावरून आला ना, तेव्हाचे," आई म्हणाली. "धुतले नाहीत मी."

फडकी उकळणाऱ्या या बाईनं चिखलाचे बूट वर्षभर आपल्या कपाटात, आपल्या साड्यांखाली ठेवले होते.

"वाळक्या मातीत जगतात का गं ते?"

"जगतात. झोपून राहतात, म्हणायचा तो."

"मग घे."

घे म्हणाली खरी, पण बूट हातातून सुटेनात. शेवटी स्वतःच चमच्यानं खाचा कोरायला बसली. "चमचा उकळलेला नाही हो," मध्येच म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडल्या. माती निघाली मूठभर. मागे राहिले ते बूट आता कुणाचेही असू शकले असते. आईनं ते उलटे करून पाहिले आणि पदरानं डोळे पुसले.

माती पातळ साखरपाण्यात कालवली, बी त्यात घोळवलं, सावलीत सुकवलं आणि पेरलं. एक ओळ ताईनं बुटांच्या मातीशिवाय पेरली. पडताळा हवाच, हे काडीचंच शिकवणं. मग तीन महिने दोघी वाफ्याकडे बघत बसल्या. धुकं यायचं, जायचं. दिवसांचा हिशोबच राहिला नाही. कोरी ओळ पिवळी पडत गेली. बाकीच्या ओळी हिरव्यागार.

एका सकाळी ताईनं हिरव्या ओळीतलं एक रोप अलगद उपटलं. मुळांवर बाजरीएवढ्या गाठी होत्या. तिनं एक नखानं फोडली. आत बाळाच्या हिरडीसारखं गुलाबी.

"जिवंत आहेत?"

"आहेत, आई. गुलाबी गाठ म्हणजे जिवंत."

आईनं ते रोप मातीसकट ओंजळीत घेतलं. कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग घाईघाईनं पदर आडवा धरून तिनं मुळांवर सावली केली.

"लाव बाई परत," ती म्हणाली. "ऊन लागतंय त्याला."