पेन्सिलीची नोंद

भुजंग हवालदारांना त्या दुपारी मिळणार काय होतं? बहिणीच्या दारात भाचीच्या सुपारीला मामाचा मान, आहेराची टावेल-टोपी आणि बुंदीचं एक ताट. तेवढ्यासाठी जिंतूरच्या कोर्टातून निघालेली गाडी त्यांनी तुरुंगाची वाट सोडून चारठाण्याच्या अंगाला वळवली.

गाडीत मागे बेडी घातलेला हरिओम होता. जातीनं पारधी, आरोप शेळीचोरीचा, तोही नुसत्या संशयाचा. सकाळीच त्याला जामीन मिळाला होता. संध्याकाळी कागद तुरुंगात पोचला की सुटका. त्याची बायको बबिता तिथं फाटकापाशी येऊन उभीही राहिली होती.

वाटेत थांबायचं तर कैद्याला जवळच्या ठाण्याच्या कोठडीत ठेवायचं, वेळ लिहायची, जेवणपाणी द्यायचं. नियम भुजंगरावांना तोंडपाठ होता, त्याची पळवाट त्याहून जास्त. त्यांनी वाटेवरच्या ठाण्यात कोकिळाबाई अंमलदारांना फोन लावला.

"ताई, एक पाव्हणा घेऊन यायलोय. दुपारी एकची एन्ट्री मारून ठेवा."

"पेन्सिलीनं मारते. आल्यावर पेन फिरवू. पर या हां, भाऊ!"

त्या रस्त्यावरची ही जुनी रीत. नोंद आधी पोचायची, माणूस मागून.

चारठाण्यात बहिणीनं, कडूबाईनं, गाडीच्या जाळीतून आत पाहिलं आणि भावाला बाजूला ओढलं.

"दादा, पारधी? माझ्या सृष्टीची सुपारी फुटायलीय अन् तू ह्याला दारात आणलास?"

"बेडीत हाय की. खातो का तुला?"

"पाव्हणे काय म्हणतील? काचा लाव अन् न्हे तिकडं शेडमागं."

मे महिन्याचं ऊन. काचा वर गेल्या, दारं बंद झाली. "साहेब, पाणी," एवढंच काय ते आतून ऐकू आलं. ड्रायव्हर योगीराज मांडवात तांब्या मागायला गेला.

"माझा तांब्या बाटवतो का?" कडूबाई म्हणाली.

योगीराज तसाच पंगतीला बसला. बुंदी लय झकास झाली होती.

जेवणं चालू असताना शेडमागून काचेवर बेडी वाजली.

"काय वाजायलंय?" शेजारच्यानं विचारलं.

"पत्रा तापला की वाजतो," म्हणत भुजंगरावांनी टोपी डोक्यावर घेतली.

तीन वाजता काहीच वाजत नव्हतं.

हरिओमला गाडीतच ठेवून ते आधी ठाण्यात शिरले. "ताई, पेन फिरवा. एकला आला, जेवला, मग चक्कर आली."

कोकिळाबाई धावत बाहेर गेल्या. हात लावून पाहिला, गाडी दवाखान्याकडं पिटाळली आणि परत टेबलाशी बसल्या.

"न्हाई तर खोडरबर फिरवा," भुजंगराव हळूच म्हणाले. "तुमी सुटाल."

कोकिळाबाईंनी दोन्ही केलं नाही. पेन्सिलीच्या ओळीखाली पेनानं लिहिलं : 'वरील नोंद माझ्या हातची व खोटी. कैदी ३.४० वाजता आणला, निपचित.'

"ताई, नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ द्या. एक वाजल्यापासून हा माणूस माझ्या कागदावर सुखरूप होता, भाऊ. म्हणून मी त्याला हुडकलं न्हाई."

हरिओम वाटेतच गेला.

टावेल-टोपी भुजंगरावांकडं राहिली, वर्दी उतरली. कोकिळाबाईंची चौकशी लागली. दोनशे माणसांच्या पंगतीत काचेचा आवाज ऐकलेला एकही निघाला नाही आणि सृष्टीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. बबिता मात्र फाटकापाशी अंधार पडेपर्यंत उभी होती, पिशवीत नवऱ्यासाठी भरून आणलेली पाण्याची बाटली घेऊन. सगळ्या पंगतीचं मोल तिच्याकडून वसूल झालं.